डावा दिवा

ओब्दुलियाबाईंना मी गाडी शिकवायची नव्हतीच. मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरात त्यांनी वीस वर्षं ॲव्होकॅडोंनी भरलेला ट्रक चालवला होता, आणि मला सायकलही येत नाही. त्यांना हवे होते फक्त इंग्रजी शब्द. कॅलिफोर्नियात लेखी परीक्षा स्पॅनिशमध्ये देता येते, पण रस्त्यावर शेजारी बसलेला परीक्षक इंग्रजीतच सांगतो. नवऱ्याची नजर गेल्यापासून घरात गाडी चालवणारं कोणी नव्हतं, आणि बावीस मैलांवरच्या बदामाच्या कारखान्यातली नोकरी पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत परवाना मिळाला तरच टिकणार होती.

ग्रंथालयाच्या कोपऱ्यात मी कार्डं मांडायचो. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. काचेवरचं धुकं घालवणाऱ्या बटणालाही शब्द असतो हे त्यांना पटेना. "आमच्याकडे नवरा बाहीने पुसायचा, मास्तर." तीन आठवड्यांत सत्तर शब्द झाले. मला थोडा अभिमान वाटला.

त्या नापास होऊन आल्या. शब्द सगळे कळले, म्हणाल्या. पण बदामाच्या बागांमधल्या अरुंद रस्त्यावर मागे एक पिकअप चिकटली. पुढचा रस्ता मोकळा होता, म्हणून यांनी गाडी जराशी उजवीकडे घेतली आणि डावा दिवा लावला. आमच्या मेक्सिकोत त्याचा अर्थ, जा बाबा पुढे. इथे त्याचा अर्थ एवढाच की मी डावीकडे वळतेय.

"आणि मागचाही आपलाच निघाला. गेला की पुढे, वर हात केला. शेजारी परीक्षक साहेब पांढराफटक."

मला हसू आलं नाही. लहानपणी बसच्या पहिल्या बाकावरून तो दिवा मी शेकडो वेळा पाहिला होता.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मला ठाऊक होतं. कार्डावर मावतं तेवढंच शिकवत बसलो."

"मग आता शिकवा. पण टेबलावर नको."

परवाना असलेली त्यांची भाची शेजारी बसली, मी मागे. मागून गाडी आली की बाईंचा डावा हात आपोआप दिव्याच्या दांडीकडे जायचा. मी हळूच "हात" म्हणायचो. आठ दिवस मी तेवढा एकच शब्द शिकवला.

मुदत संपायच्या तीन दिवस आधी त्या पास झाल्या आणि मला घरी सोडायला निघाल्या. बागांच्या रस्त्यावर मागे एक ट्रक आला. त्यांचा हात उचलला गेला, थांबला, परत स्टिअरिंगवर आला.

"माफ कर रे," त्या आरशातल्या ट्रककडे बघत म्हणाल्या. "तुला घाई असेल."