तिसऱ्या चॅनेलचा ट्रेबल

त्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या आमच्या नाचघरात लोक रविवारी दुपारी यायचे, दोन टँगो नाचायचे आणि कान चोळत माझ्या खिडकीशी उभे राहायचे. "आउने, रेइयोचं गाणं दाभणासारखं घुसतंय गं कानात!" तिकिटं आणि कॉफी माझ्याकडे, म्हणून तक्रारीही माझ्याकडेच.

आमचा गायक रेइयो बिचारा नेहमीसारखाच गात होता. आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवर बसायचा ताइस्तो. वय चौऱ्याहत्तर, सगळी नोकरी लाकूड कापायच्या गिरणीत गेलेली. समितीचा अध्यक्ष पेंत्ती मला म्हणाला, "आता पुरे झालं. घरी बस म्हणावं त्याला. तूच सांग, तुझं ऐकेल तो."

पुढच्या रविवारी मी लवकर गेले. ताइस्तो वायरी जोडत होता. दालचिनीचा पाव त्याच्यासमोर ठेवला, तर मान वर न करता म्हणाला, "पेंत्तीनं पाठवलं ना?"

मी पाव त्याच्याकडे आणखी सरकवला.

"रेइयोच्या शब्दांतला 'स' मला ऐकूच येत नाही, आउने. म्हणून ट्रेबल वाढवत जातो. किलबिलही ऐकू येईना, तेव्हा मला तर वाटलं होतं, यंदा पक्षीच कमी आलेत."

सांगायला आले होते ते तिथंच राहिलं. मी खुर्ची ओढली. "कुठलं बटण काय करतं, दाखव मला."

"तू? तुझ्या मोबाइलचा आवाज कमी करायलासुद्धा नातू लागतो!"

"कान तर शाबूत आहेत माझे."

तो हसला आणि तेवढ्यात आलेल्या रेइयोला त्यानं माइकसमोर उभं केलं. "ही उभी रांग म्हणजे एक चॅनेल. तिसरी रेइयोची. सगळ्यात वर गेन, म्हणजे माइकचा आवाज आत किती घ्यायचा ते. रेइयो, जोरात गा! लाल दिवा लुकलुकला? आउने, आता गेन जरा मागे घे. खाली हा ट्रेबल, बारीक आवाजाचा, मग बेस, जाड आवाजाचा. तळाची ही सरकपट्टी म्हणजे फेडर, बाहेर आवाज किती सोडायचा ते. नाच सुरू झाला की फक्त हिलाच हात लावायचा."

ट्रेबल जवळजवळ टोकाला फिरवलेला होता. मी हळूहळू मागे आणला. बटणावरची रेघ सरळ वर आली, तसा रेइयोचा आवाज एकदम मऊ झाला.

"मला काही फरक कळला नाही," ताइस्तो हळूच म्हणाला. "पण तुझ्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तिथंच ठेव."

पेंत्ती आला तो चिडूनच. "तुला काय सांगितलं होतं, आणि तू काय करून बसलीस?"

"शेजारी बसले," मी म्हटलं. "कॉफीला तुझ्या बायकोला उभं कर."

तो पुटपुटत गेला, पण त्या दुपारी कोणी तक्रार केली नाही. मग दर रविवारी आम्ही दोघं बसू लागलो. वायरी, गेन, ढोल आणि बेस ताइस्तोकडे. बारीक आवाज माझ्याकडे. खुर्चीच्या पायातून येणाऱ्या थरथरीवरून बेस कसा ओळखायचा, तेही त्यानं शिकवलं.

ऑगस्टमध्ये बायका रेइयोला विचारू लागल्या, "इतकं गोड कधीपासून गायला लागलास रे?" तो फुगून म्हणायचा, "रियाज करतो रोज!"

ताइस्तो माझ्याकडे बघायचा. मी तिसऱ्या चॅनेलच्या ट्रेबलवर हलकेच बोट टेकवायचे.