भावी नगरसेवक धम्मानंदभाऊ

धम्मानंदभाऊ गेल्यावर त्याईच्या पुण्यानुमोदनाचा फ्लेक्स मीच छापला. त्याच्यावर फोटो बसवताना मी तीन खेप चुकलो. दुकानातल्या लोकाईले वाटलं, गुड्डूले दुःख झालं. दुःख तर होतंच. पण चुकणं वेगळ्या गोष्टीनं होतं.

वीस वर्ष झाले, मी नागपूरच्या जरीपटक्यात फ्लेक्स छापतो. वाढदिवस, बारसं, साक्षगंध, निवडणूक, जे म्हणसान ते. पन्नाशी पार झाली, पण खोड्या काही सुटल्या नाही. एका नवरदेवाच्या फ्लेक्सवर मी सासऱ्याचा फोटो पुरुषभर छापला आन नवरदेव पोस्टाच्या तिकिटाएवढा. एका कंजूस घरमालकाच्या फाटकावर ‘आज बिर्याणी, सर्वांचे स्वागत’ असा बोर्ड लावला, तर बारा वाजेपर्यंत तिथं डबे घेऊन लाईन लागली. घरमालक आतून कडी लावून बसला. आमच्या चौकातला पानठेलेवाला गोपाळराव म्हणे, गुड्डू, तुले यमानं नेलं तरी कंटाळून आठ दिवसात परत आणून देईन.

धम्मानंदभाऊ आमच्याच गल्लीतले. रिटायर पोस्टमन. असा गरीब माणूस की सायकलची घंटी बी हळू वाजवाचे. छपन साली बापाच्या खांद्यावर बसून त्याईनं दीक्षा पाहिली होती, पाच वर्षाचे होते तवा. दर रविवारी पांढरा सदरा घालून, अंजनावहिनीले सायकलच्या कॅरियरवर बसवून विहारात जाचे. दीक्षाभूमीवर गर्दी झाली की तीन दिवस खेड्यावरून आलेल्या लोकाईले पाणी पाजत उभे राहाचे. वहिनी अंगणवाडीत होती, तिले सकाळीच निघा लागे. म्हणून पोरीच्या, रोशनीच्या, वेण्या भाऊच घालाचे. दोन वेण्या, लाल रिबिनी, एकदम बरोबर. आम्ही पानठेल्यावरून हसाचो, पाह्य रे, डाकिया वेण्या वाटून राहिला.

बोलणं मात्र त्याईले जमेच नाही. विहारात एकदा भाषणाले उभं केलं, तर लोकाईले जयभीम म्हटलं, ग्लासभर पाणी पेले आन खाली बसले.

नऊ वर्षाआधी महानगरपालिकेची निवडणूक आली. जो तो भावी नगरसेवक. ज्याले घरी कोणी विचारत नाही, तो बी माह्या दुकानात हात जोडून फोटो काढून जाय. माह्या डोक्यात किडा आला. विहाराच्या ग्रुप फोटोतून मी धम्मानंदभाऊचं मुंडकं कापलं, एका पुढाऱ्याच्या जोडलेल्या हातावर बसवलं, आन दहा बाय पाचचा फ्लेक्स छापला. भावी नगरसेवक. पाणी, रेशन, पेन्शन, दवाखाना, केव्हाही फोन करा. खाली त्याईचा नंबर. आन एकदम खाली, बारीक अक्षरात, सौजन्य : समस्त वस्तीवासी.

सकाळी सहाले मी आन गोपाळरावनं तो चौकात बांधला आन चहा घेऊन बसलो.

भाऊ दुधाची पिशवी घेऊन आले. थांबले. चष्मा काढून पुसला. वरून खालपर्यंत वाचलं, सौजन्यापर्यंत. मंग तसेच घरी गेले. माह्या नाकातून चहा बाहेर आला हसून हसून.

घंट्याभरात ते सायकल घेऊन निघाले. मागच्या गल्लीतल्या रुखमाबाईनं फोन केला होता, नळाले चार दिवसापासून पाणी नाही. दुपारी टँकर आला. त्याच्यामागं सायकलवर भाऊ, घामानं निथळून राहिलेले. मी मजा घ्याले विचारलं, काय भाऊ, उभं राहून राहिले का मंग? त्याईले मजाक समजलाच नाही. म्हणे, निवडणुकीचं आपल्याले काही समजत नाही गा. पण चिठ्ठी आपल्या हातात आली, तर पोचवाच लागते.

उभे तर राहिलेच नाही. निवडणूक झाली, गेली. लोकाईनं फ्लेक्सवरचा नंबर मोबाईलमध्ये घालून ठेवला होता, तो राहिला. शोभाताईच्या नवऱ्याले अटॅक आला, तर रामदासपेठच्या दवाखान्यात तीन दिवस भाऊच बसून. कोणाचं रेशन कार्ड, कोणाची विधवा पेन्शन. मंग नंबर वस्तीच्या बाहेर गेला. इकडून तिकडून, पार हुडकेश्वरवरून टँकरसाठी फोन येत. ज्या माणसाले माईकवर दोन शब्द जमत नव्हते, तो हापिसात साहेबाच्या टेबलासमोर दोन-दोन घंटे उभा राहे. काही बोले नाही. नुसता उभा राहे. साहेब कंटाळून सही करे.

मी पहिल्या वर्षी पाच-सहा जणाले टाळी देऊन सांगतलं, की हे माहं काम हाय. मंग सांगणं बंद केलं. भाऊले तर कधीच नाही सांगतलं. पहिले मजा येत होती म्हणून, मंग शरम येत होती म्हणून. रस्त्यात भेटले की मीच नजर चुकवाचो. ते मात्र थांबून विचारत, पोराची नोकरी लागली का, गुड्डू?

मागच्या महिन्यात ते झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाच्या तीन दिवस आधी वहिनीनं मले फोटो द्याले घरी बोलावलं. रोशनी बी आली होती सासरवरून. वहिनीनं पलंगाखालून पेटी ओढली. वर भाऊची खाकी वर्दी होती. त्याच्याखालून तिनं घडी केलेला फ्लेक्स काढला आन माह्यासमोर पसरवला. माहाच होता तो. घडीवरचा रंग उडाला होता, पण पुढाऱ्याचे हात जसेच्या तसे.

“हा स्टेजच्या मांगं लावजो,” वहिनी म्हणे. “वस्तीनं मान देल्ला होता त्याईले. त्या दिवशी दुधाची पिशवी हातात धरून घरी आले आन रडले. म्हणे, अंजना, चाळीस वर्ष मी लोकाईच्या चिठ्ठ्या वाटल्या. आज वस्तीनं मले चिठ्ठी धाडली.”

मी फ्लेक्सची घडी कराले घेतली.

मंग ती म्हणे, हे कोणं छापलं ते तुले माहीत असन, तुहाच धंदा हाय. त्या माणसाले स्टेजवर बोलवून शाल द्याची हाय. रोशनीनं शाल आणून बी ठेवली होती, प्लास्टिकमध्ये. मी म्हटलं, पाहतो, पत्ता लावतो. पन्नास वर्षात इतकं पुचाट खोटं मी कधी बोललो नव्हतो.

तिथून सरळ पानठेल्यावर आलो. गोपाळरावले सगळं सांगतलं. तो पानाले चुना लावून राहिला होता.

“घेऊन घे शाल,” तो म्हणे. “थंडी येऊनच राहिली.”

मी हसलो नाही. तवा त्याचा बी हात थांबला. म्हणे, सांगशीन तर त्या बाईजवळ जे उरलं ते बी जाईन. नाही सांगशीन तर भाऊच्या फोटोसमोर शाल घेशीन. दोन्हीकडून तूच मेला. मंग खाली मान घालून म्हणे, हसलो तर मी बी होतो.

कार्यक्रम विहारातच होता. पांढऱ्या कापडावर भाऊचा फोटो, मेणबत्त्या, फुलं, आन मांगं तो जुना फ्लेक्स. नवा बाहेर फाटकावर होता. भन्तेजीनं पंचशील देल्लं, सगळे मांगं म्हणून राहिले होते. चवथं शील आलं, खोटं न बोलाचं. जे मी शाळेपासून झोपेत म्हणू शकतो, ते माह्या तोंडातून निघालं नाही. बाजूची बाई वळून पाहे.

मंग लोक बोलले. शोभाताई नवऱ्याले सोबत घेऊन आली होती, बोलली नाही, नुसतं त्याले उभं करून दाखवलं. रुखमाबाईनं पहिल्या टँकरची गोष्ट सांगतली. शेवटी रोशनीनं माईक घेतला. म्हणे, बाबाईले ज्याईनं कामाले लावलं, त्याईनं समोर यावं, आईले त्याईचा सत्कार कराचा हाय. कोणी उठलं नाही. गोपाळरावनं माह्याकडे पाहिलं नाही, पण त्याची मान अजून खाली गेली.

मी उठलो. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांतून स्टेजपर्यंत जाणं म्हणजे लोकाईचे जोडे खात जाण्यासारखं होतं. वहिनी शाल उघडून उभी होती. मी तिच्याजवळ गेलो आन माईकवर येऊ नाही अशा आवाजात बोललो.

“वहिनी, वस्तीनं नाही छापला. मी छापला. मजाक म्हणून. भाऊवर हसाले.”

तिनं शाल खाली घेतली. फ्लेक्सकडे वळून खालचे बारीक अक्षर पाहिले. टाळ्या बंद झाल्या होत्या.

“आन हसला?”

“हाव.”

“रोशनीच्या साक्षगंधात ताटावरून उठून गेले होते ते,” ती म्हणे. “फोन आला म्हणून. नऊ वर्ष हा फोन माही सवत होता, गुड्डू. मी म्हणो, वस्तीचा मान हाय, सहन कराव.”

मले वाटलं आता ती मारन. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं शालीची घडी केली आन भाऊच्या फोटोसमोर ठेवून देल्ली. मंग कमरेचा बटवा उघडला. त्याच्यातून भाऊचा तो बटनाचा फोन काढला. वाजत होता. भाऊ गेल्यापासून बी वाजतच होता म्हणे, ती उचलत नव्हती.

“पत्ता चुकला तर चिठ्ठी कोणाकडे वापस जाते, माहीत हाय?” ती म्हणे. “ते सांगाचे मले. धाडणाऱ्याकडे.”

फोन तिनं माह्या हातात ठेवला आन आपल्या जागी जाऊन बसली. माह्याकडे पाहिलं नाही. आजपर्यंत पाहत नाही.

लोकाईले काय समजन? त्याईले वाटलं, वहिनीनं भाऊचा वारसा गुड्डूले देल्ला. पुन्हा टाळ्या वाजल्या, पहिल्यापेक्षा जोरात. माहे कान जळून राहिले होते.

फोन वाजतच होता. मी लोकाईच्या हुबेहूब नकला करतो. साहेबाची, पोलिसाची, बायकाईची बी. भाऊचा आवाज तर दहा वेळा काढला होता पानठेल्यावर. बटन दाबलं तर माहाच आवाज निघाला, तो बी फाटका.

तिकडून एक बाई होती. हुडकेश्वरवरून प्रेमिला बोलून राहिली म्हणे, तीन दिवस झाले टँकर नाही, घरात लहान लेकरू हाय. धम्मानंदभाऊ हाय का?

मी म्हटलं, भाऊ नाही जी आता. मी गुड्डू.

ती म्हणे, मंग राहू द्या. फोन ठेवते का काय, असं वाटलं. मी खिसे चाचपले, तर शर्टाच्या खिशात पुण्यानुमोदनाची पत्रिका भेटली. ती पलटवली, भन्तेजीच्या बाजूचा पेन उचलला आन म्हटलं, पत्ता सांगा, बाई.