अकरावी पायरी

विजयसिंहची चारचौघांत फजिती करायची, एवढ्या एकाच कारणासाठी मी वर्षभर स्काऊटचं पथक चालवलं. सेवा, संस्कार वगैरे शब्द आमच्या वर्धापनदिनाच्या पत्रिकेवर असतात, ते तिथंच ठीक आहेत. मला सूड पाहिजे होता आणि तो मी मापात बसवून, दोनदा तपासून घेणार होते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर लोकांनी केलेले पार्ट रिजेक्ट करायचे, हेच माझं काम. चूक दिसली की ती सोडायची नाही, याचा मला पगार मिळतो.

कसबा बावड्यातलं आमचं पथक कुठल्या शाळेचं नाही. माझे वडील, ज्यांना सगळा गाव आण्णा म्हणतो, साखर कारखान्यात फिटर होते. चौतीस वर्षांपूर्वी त्यांनी शेजारपाजारची नऊ पोरं गोळा करून पथक सुरू केलं. दर रविवारी सकाळी सात ते नऊ. पगार कुणालाच नाही, चहासुद्धा ज्याचा त्याचा. तंबू, काठ्या आणि दोऱ्या रुद्राप्पा अज्जा सांभाळतात, त्यांच्या खोलीला आम्ही भांडार म्हणतो. पथकात शिक्षाही एकच आहे. जो चुकला त्यानं भांडारातल्या छत्तीसच्या छत्तीस दोऱ्या सोडायच्या आणि परत गुंडाळायच्या. मग तो सात वर्षांचा पोरगा असो नाहीतर खुद्द स्काऊटमास्तर.

वर्धापनदिनाला स्काऊटचा निळा झेंडा फडकवतात. घडी घालून, पोटात फुलं भरून, त्याचं पुडकं खांबावर चढवायचं. खाली दोन दोऱ्या लोंबत असतात, दिसायला अगदी सारख्या; फासाची कुठली, ते शिकलेल्यालाच वर बघून कळतं. एक ओढली की फास सुटतो, फुलं पडतात आणि झेंडा उघडतो. दुसरी, जी नवख्याच्या हाताला आधी लागते, ती ओढली की पुडकं वर कप्पीला भिडतं; आणखी ओढली की तिथंच रुतून बसतं, मग शिडी आणा. आण्णांनी या कामाच्या अकरा पायऱ्या एका वहीत लिहून ठेवल्यात. अकरावी अशी आहे: पाहुण्याच्या हातात बरोबर दोरी द्यावी आणि तोंडानं सांगावं, ही ओढा.

गेल्या वर्षीच्या वर्धापनदिनाला, सात नोव्हेंबरला, पाहुणा होता विजयसिंह. आम्ही जमतो ती मोकळी जागा त्यानं पाडलेल्या प्लॉटांच्या लेआउटमधली, म्हणून तो आमचा अध्यक्षही झाला होता. लहानपणी तो पथकात तीन रविवार आला होता. शिबिराचं जेवण झालं आणि चौथ्या रविवारपासून तो दिसला नाही. पत्रिकेवर मात्र त्यानं आपल्या नावाखाली ‘राष्ट्रपती स्काऊट’ असं छापून घेतलं. तो पुरस्कार आमच्या पथकात चौतीस वर्षांत दोघांना मिळालाय. आण्णांनी ती पत्रिका बराच वेळ बघितली, मग घडी घालून खिशात ठेवली.

मी त्या दिवशी मागे लहान पोरांना रांगेत धरून उभी होते. विजयसिंहनं तीन बोटांचा सलाम पाच बोटांनी ठोकला आणि धाडकन दोरी ओढली. चुकीची. पुडकं कप्पीत अडकलं. त्यानं आणखी जोर लावला, ते आणखी अडकलं. दोनशे माणसं माना वर करून बघत होती. मग त्यानं माईक घेतला.

“आण्णा, वय झालं आता तुमचं,” तो हसत म्हणाला. “हात कापत्यात. साधी गाठ बी बसंना. बसा की आता घरात निवांत.”

लोक हसले. तेच लोक, ज्यांच्या पोरांना आण्णांनी पोहायला शिकवलं होतं.  आण्णांनी गळ्यातला स्कार्फ काढला, घडी घातली, रुद्राप्पा अज्जांच्या हातात दिला आणि चालत घरी गेले.

“तुम्ही सांगितलं असणारच की त्याला, कुठली दोरी ते,” मी घरी गेल्यावर म्हणाले. “मग माईकवर का बोलला न्हाईसा?”

“सोड तो विषय, निशिगंधा,” एवढंच म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

त्या दिवसापासून बावड्यात लोक आण्णांच्या तोंडाकडं बघायच्या आधी हाताकडं बघायला लागले. चहाच्या गाड्यावर पोरगा कप देताना विचारायचा, “धरताय न्हवं?” ज्या हातांनी कारखान्याचे पंप उघडून जोडले, ते हात कधी कापले नव्हते. आण्णांनी गाड्यावर जाणं सोडलं. मग पिंपळाच्या पारावर बसणं सोडलं. रविवारी सकाळी सहाला उठायचे, अंघोळ करायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. ते बघून माझ्या अंगाची आग आग व्हायची.

पहिला विचार आला तो असा, की पुढच्या वर्षी आपण बांधायचं आणि फास असा मारायचा की विजयसिंहच्या बापाला सुटू नये. पण मग दोष परत बांधणाऱ्यालाच. आठवडाभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. त्या दोनशे माणसांना दोरीतलं काही कळत नव्हतं, म्हणून विजयसिंहचं खपलं. उद्या सगळ्या बावड्याला कळायला लागलं तर? मग तो चुकीची दोरी ओढेल तेव्हा प्रत्येकाला दिसेल चूक कुणाची. मला काही करायलाच नको. मी वही काढली, रुद्राप्पा अज्जांना जाऊन सांगितलं की रविवारपासून पथक मी घेते.

तेव्हा चौदा पोरं उरली होती. डिसेंबरात मुरगूडजवळ शिबिर घेतलं, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ झेंडाच बांधायला लावला. पोरं वैतागली, पण शिकली. संक्रांतीला आमच्या गल्लीच्या हळदी-कुंकवात मी वाण म्हणून प्रत्येकीला दोन हात दोरी दिली. बायका आधी हसल्या. मग मी काठीला कप्पी लावून, एकेकीला बरोबर दोरी ओळखता येईपर्यंत दोन्ही दोऱ्या ओढायला लावल्या. आमच्या शेजारच्या बाळाबाई, वय अडुसष्ट, दुसऱ्या फटक्यात शिकल्या आणि येईल-जाईल त्याला शिकवत सुटल्या. उन्हाळ्यात पोरांचे बाप आले. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी खालच्या गल्लीत शिरलं तेव्हा पथकानं शाळेतल्या छावणीत चार दिवस जेवणं वाढली. तिथंही संध्याकाळी बसल्याबसल्या लोकांचा वेळ जात नव्हता, म्हणून मी दोरी काढली.

रुद्राप्पा अज्जा सगळं बघत होते. एकदा म्हणाले, “ताई, पथक वाढवाय लागलाईसा का खुन्नस काढाय लागलाईसा?”

“दोन्ही,” मी म्हणाले.

“एक कायतरी करा वो.”

त्यांची नात शांभवी, दहा वर्षांची, सगळ्यांत आधी तयार झाली. ती अकरा पायऱ्या बोटांवर म्हणायची. दहा बोटं संपली की अकराव्या पायरीला स्वतःचं नाक धरायची आणि नाकातूनच म्हणायची, “पाहुण्याला सांगावं, ही ओढा.” बाकीच्या पोरांनी तेच उचललं. दर रविवारी शेवटी सगळी पोरं नाक धरून ओरडायची. ऑक्टोबरपर्यंत ती पोरं एकसष्ट झाली होती.

मग मी विजयसिंहच्या ऑफिसात गेले. हात जोडले. यंदाही झेंडा तुमच्याच हातून व्हायला पाहिजे म्हणाले. “पत्रिकेवर राष्ट्रपती स्काऊट मोठ्या टायपात घालते,” असंही सांगितलं. तो खूष झाला. “आण्णा बरं हाईत न्हवं?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “येणारायत. पहिल्या रांगेत.”

आण्णांना आणणं अवघड गेलं. सात नोव्हेंबरला सकाळी ते तयार होऊन परत खुर्चीत बसले. शेवटी मी ओरडले, तेव्हा उठले. वाटेत एवढंच म्हणाले, “तूच बांधणार हाईस न्हवं? मग अकरावीपातूर सगळं कर. नीट सांग त्याला.”

“व्हय,” मी म्हणाले.

दहा पायऱ्या मी वहीबरहुकूम केल्या. असा झेंडा माझ्या हातून कधी बांधला गेला नव्हता. अकरावी मी मुद्दाम गाळली. विजयसिंह खांबाशी आला, मी दोन्ही दोऱ्या त्याच्यासमोर मोकळ्या सोडल्या आणि दोन पावलं मागे सरकले. वर्षभर राबल्यावर एवढी एक पायरी माझी, असं मला वाटत होतं. आणि खरं सांगते, त्यात सुख होतं.

त्यानं पाच बोटांचा सलाम ठोकला. एक दोरी धरली. तीच धरली, गेल्या वर्षीची.

“ती न्हवं! दुसरी! दुसरी!” पोरं ओरडली. पण त्यानं हिसडा दिला होता. पुडकं सरसर वर गेलं आणि कप्पीला भिडलं.

“बांधलंय कुणी हे?” विजयसिंह वैतागून म्हणाला.

“बांधलंय बराबर!” बायकांमधून बाळाबाईंचा आवाज आला. “वडलंय चुकीचं!”

मग जे हसू उठलं त्याची मी वर्षभर वाट बघितली होती. बाप हसत होते, आया हसत होत्या, चहाच्या गाड्यावरचा पोरगा पोट धरून हसत होता. मी पुढे झाले, त्याच्या हातातली दोरी सैल सोडली आणि दुसरी हलकेच ओढली. फास सुटला. झेंडा उघडला आणि झेंडूच्या पाकळ्या राष्ट्रपती स्काऊटच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर पडल्या.

मी माईक घेतला. “गेल्या साली बी हीच दोरी वडली होती साहेबांनी,” मी म्हणाले. “आणि हात आण्णांचं कापतात म्हणून सांगितलं होतं. आता कुणाचं कापतात ते बघून घ्या.”

कापत होते. विजयसिंहचे.  तो लाल झाला, इकडंतिकडं बघितलं आणि मग सरळ पहिल्या रांगेकडं गेला. आण्णांपुढं वाकला. “आण्णा, चुकलं माझं,” तो म्हणाला, आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

झालं. मला पाहिजे होतं ते सगळं, एका सकाळी, पुरं पदरात पडलं. मी पोरांकडं वळले. टाळ्या वाजवा म्हणून सांगणार होते.

शांभवी नाक धरून उभी होती.

ती हसत नव्हती. नुसती नाक धरून माझ्याकडं बघत होती. तिच्या शेजारच्या पोरीनं तिच्याकडं बघितलं आणि नाक धरलं. मग मागच्या रांगेनं. बघता बघता एकसष्ट पोरं नाक धरून उभी राहिली. कुणी खूण केली नव्हती. अकरावी पायरी मीच शिकवली होती. बाळाबाईंनी बोटं मोजली आणि पदर तोंडाला लावला. मला तोंड लपवायला जागा सापडेना.

“न्हाय सांगितलं व्हय तू?” आण्णा खुर्चीतून म्हणाले.

मी मान हलवली. ते उठले, विजयसिंहला खांद्याला धरून उभं केलं आणि माझ्या हातातला माईक घेतला. त्यांचे हात स्थिर होते.

“मीबी न्हाय सांगितलं,” ते म्हणाले. “गेल्या साली. कार्डावर राष्ट्रपती स्काऊट छापलंवतं ह्यानं. मला राग आला. एवढा मोठा स्काऊट हाय तर वडू दे की म्हटलं, बघू. दोरी सांगायचं काम माझं हुतं आणि मी मुद्दाम गप बसलो. लाज माझी मला वाटत हुती, म्हणून घरात बसलो. हात न्हाईत कापत माझं.”

वर्षभर मी ज्याच्यासाठी जळत होते, ते त्यांनी एवढ्याशा बोलण्यात माझ्या हातातून काढून घेतलं. मला त्यांचा इतका राग आला की विजयसिंहचाही कधी आला नव्हता. भिंतीकडं तोंड करून ते अपमान गिळत नव्हते. माझ्यासारखंच करून बसले होते, आणि ते मला सांगत नव्हते.

“छत्तीस दोऱ्या!” रांगेतून कुणीतरी ओरडलं. मग सगळीच पोरं ओरडायला लागली. रुद्राप्पा अज्जांनी आमच्याकडं बघितलं, भांडार उघडलं आणि दोऱ्यांचा ढीग मैदानात आणून टाकला. शेवटी खिशातून आण्णांचा स्कार्फ काढून त्यांच्या हातात दिला. वर्षभर खिशात ठेवला होता की काय कुणास ठाऊक.

आण्णा स्कार्फ घालून मांडी घालून बसले. मी बसले. विजयसिंह निघून जाईल असं मला वाटलं होतं, तशी माझी इच्छाही होती. त्यानं हातातल्या पत्रिकेवरच्या आपल्या नावाकडं बघितलं, ती खिशात कोंबली आणि इस्त्रीच्या पँटीनं मातीत बसला. “शिकायचं राहूनच गेलंवतं,” तो कुणाकडंच न बघता म्हणाला.

बारा-बारा दोऱ्या वाट्याला आल्या. पोरं भोवती कोंडाळं करून मोजत होती. विजयसिंह दोरी कोपरावरून उलटी गुंडाळत होता, पीळ उलटा बसत होता आणि प्रत्येक वेटोळं सुटून येत होतं. एकदा सुटलं, दोनदा सुटलं. मी बघत होते. सुटू दे, म्हटलं. संध्याकाळपर्यंत सुटू दे. आण्णाही बघत होते. ते माझ्याकडं बघत होते.

शांभवी माझ्यासमोर उकिडवी बसली. तिचा हात हळूहळू नाकाकडं निघाला.

“उजवीकडनं घ्या,” मी विजयसिंहला म्हणाले. “अशी. ही ओढा.”