काळा दोरा

आपल्या पोराला, सुयोगला, डोळखांबच्या भगताकडे भागीरथीनेच नेलं होतं. सोळा वर्षांचा पोर "आये, मला पोरगेच आवडतात" म्हणाला नि तिची पाचावर धारण बसली. भगताने त्याच्या मनगटाला काळा दोरा बांधला. तेव्हापासून पोराचं अन्नावरचं मनच उडालं. महिन्याभराने शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्टच सांगितलं, "त्याचं आवडणं हा आजार नाही. घरचे आपल्याला टाकतील, या भीतीने तो झिजतोय."

कापणीच्या दिवशी सगळे बांधावर जेवायला बसले, तेव्हा मोठी जाऊ सुयोगकडे बघून म्हणाली, "दोऱ्याचा गुण काय येईना गो. परत ने त्याला भगताकडे."

भागीरथीने विळा उचलला, पोराचा हात मांडीवर घेतला आणि दोरा कचकन कापला.

"चूक माझी झाली, वयनी. माझ्या पोराला काय बी झालेलं नाय. तो असाच हाय, नि असाच माझा हाय. पुन्हा भगताचं नाव काढायचं नाय."

सुयोग मोकळं मनगट चोळत राहिला. मग म्हणाला, "आये, अजून एक भाकर दे."

भागीरथीचं फडकं रिकामं होतं. तिने हात लांबवला नि थेट जावेच्या टोपलीतल्या दोन उचलल्या.