कबुलीची तालीम

माझ्या धाकट्या बहिणीने आयुष्यात एकदाही बंदी असलेलं औषध घेतलेलं नाही, आणि तिचं नुकसान नेमकं त्यामुळेच झालं, असं बुटांच्या कंपनीतल्या साहेबांचं स्पष्ट मत पडलं. मत त्यांनी इतक्या मऊ आवाजात मांडलं की ऐकताना मी मान डोलावली. आपण कशाला मान डोलावतोय हे मला जरा वेळाने कळलं. या साहेबांना आम्ही घरी गोडबोल्या म्हणतो.

धाकटी आठशे मीटर धावते. कंपनी तिला बूट देते, कपडे देते, स्पर्धांचा प्रवासखर्च देते आणि तिला धावायला शिकवणाऱ्या सरांचा पगारही देते. बदल्यात छातीवर, पाठीवर, मोज्यावर आणि घाम पुसायच्या टॉवेलवर कंपनीचं चिन्ह. मी मेडिकलच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. काउंटरमागे उभं राहून मला बारा वर्षं झाली. डॉक्टरांचं अक्षर लागतं म्हणजे हिला काहीही वाचता येतं, असा आईचा समज आहे, म्हणून धाकटीचे सगळे कागद पहिल्यापासून माझ्या गळ्यात.

त्यातला सगळ्यात चिवट कागद म्हणजे तासाचा फॉर्म. वर्षाच्या प्रत्येक दिवशी कुठलातरी एक तास तुम्ही कुठे सापडाल, हे आधी लिहून द्यायचं. त्या तासात उत्तेजक तपासणारी माणसं न सांगता दारात उभी राहू शकतात. तुम्ही तिथे नसाल तर एक गैरहजेरी. बारा महिन्यांत तीन झाल्या की दोन वर्षं बंदी. मी डोळे झाकून रोजचं लिहायची : सकाळी सहा ते सात, घर. त्या वेळी धाकटी घरी नसून जाणार कुठे?

कंपनीच्या दुकानाच्या उद्घाटनाला. पहिल्या वेळी संध्याकाळी फोन आला, पहाटे पाचला गाडी येईल, फीत कापायची आहे. ती गेली. सहाला दोन तपासणीवाले आले. दार आईने उघडलं. दोघांच्याही अंगात एकसारखे शर्ट बघून तिला वाटलं, कंपनीचीच माणसं आहेत. तिने त्यांना बसवलं, चहा दिला आणि धाकटीची पहिलीपासूनची पदकं काढून दाखवली. ती बिचारी तासभर बसली, कारण नियमाने त्यांना बसावंच लागतं. जाताना त्यांनी एक कागद दिला. आईने तो जपून कपाटात ठेवला आणि आठवड्याने मला म्हणाली, "अगं, फार सालस माणसं होती. आभाराचं पत्रसुद्धा देऊन गेलीत."

दुसऱ्या वेळी सूर्य उगवताना टेकडीवर फोटो काढायचे होते. मी शहाणपणाने गोडबोल्याला फॉर्मची आठवण केली. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? त्यासाठी आमचा अख्खा विभाग आहे," तो म्हणाला. अख्ख्या विभागाने फॉर्म बदललाही. दुसऱ्या दिवशी.

तिसरी गैरहजेरी माझी. इथे मला कुणाची टिंगल करता येत नाही. सरांना ताप आला म्हणून सराव शिबिर दोन दिवस आधी संपलं. धाकटीला घ्यायला मीच स्टँडवर गेले होते. तिची पिशवी मीच उचलली. फॉर्ममध्ये शिबिराचा पत्ता होता, तो बदलायला दोन मिनिटं लागली असती. जेवून करते म्हटलं आणि विसरले. माझ्या हातून काउंटरवर बारा वर्षांत एक चुकीची गोळी गेलेली नाही, आणि ही दोन मिनिटं गेली.

बंदी लागली. चोविसाव्या वर्षी दोन वर्षं मैदानाबाहेर. शिवाय करारात लिहिलं होतं की खेळाडूवर बंदी आली तर कंपनी करार रद्द करू शकते. तो गेला म्हणजे सर गेले, आणि सर गेले की दोन वर्षांनी परतायला उरणार काय? त्यासाठीच आम्हाला कंपनीत बोलावणं आलं होतं.

खोली काचेची होती. खुर्च्या अशा, की बसलं की माणूस खाली खाली जातच राहतो. समोर भिंतभर रॉकेटचा फोटो.

रॉकेट म्हणजे धाकटीचीच प्रतिस्पर्धी. चार वर्षांपूर्वी तिच्या लघवीत स्नायू वाढवायचं औषध सापडलं. कंपनीला तेव्हा अतोनात धक्का बसला. तो तीन आठवडे टिकला. मग रॉकेटची फिल्म आली. काळ्या पडद्यापुढे स्टूल, स्टुलावर ती, आणि डोळ्यांतून पाणी. 'मी पडले. मी उठले.' बघणारे ढसाढसा रडले आणि डोळे पुसून बूट घ्यायला गेले. बंदी संपल्यावर ती आधीपेक्षा जोरात पळायला लागली. पश्चात्तापाने पायात एवढं बळ येतं हे मला माहीत नव्हतं, नाहीतर मी दुकानात तोच ठेवला असता.

"तिलाही बंदी होती," मी फोटोकडे बोट करून म्हटलं. "तिचा करार नाही रद्द केलात."

"करारात 'करू शकते' असं आहे, ताई. 'करेल' असं नाही," गोडबोल्या म्हणाला. "तिच्याकडे गोष्ट होती. लोक माफ करायला एका पायावर तयार असतात हो. पण कशाबद्दल माफ करायचं, ते आपण नको का द्यायला?"

"ही घरी नव्हती, त्याबद्दल करा म्हणावं."

"त्यावर कोण रडणार?"

"आमची आई महिनाभर रडतेय."

"आईचं काय, आई रडणारच," तो समजूत काढत म्हणाला. "म्हणजे बघा, लोकांना वाटतं की फॉर्म चुकला ही थाप आहे, हिने काहीतरी घेतलंच असणार. मग आपण म्हणू, हो, घेतलं. पण आत्ता नाही, लहानपणी!"

धाकटी पहिल्यांदा बोलली. "मी घेतलेलंच नाही, साहेब."

"ते मला शंभर टक्के माहीत आहे," गोडबोल्या म्हणाला. "तीच तर अडचण आहे ना, बेटा."

त्यांच्या वकिलांनी सगळं बसवून ठेवलं होतं. दहा वर्षांपलीकडचं कुणी उकरून काढत नाही. म्हणून पाप चौदाव्या वर्षी करायचं. तेव्हा धाकटी आठशे मीटर धावतही नव्हती, शाळेत लांब उडी मारायची आणि वाळूत बसकण मारून परत यायची. पण वकिलांना तेच वर्ष सोयीचं पडत होतं. शाळकरी पोर, जिंकायची हाव, एक गोळी, मग दहा वर्षं मनात बोचणारा काटा. फिल्म झाली की करार चालू, सर चालू, आणि पुनरागमनाला नवा बूट.

"उद्या नुसती तालीम करून बघू," तो म्हणाला. "जबरदस्ती नाही. पण संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवावं लागेल. वरून विचारतायत."

घरी जाताना धाकटी म्हणाली, "तालीमच आहे, बघू तरी." दोन मिनिटं खाल्लेल्या माणसाने तत्त्वाच्या गप्पा कुठल्या तोंडाने मारायच्या?

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तेच स्टूल, तोच काळा पडदा. आणि शिकवायला खुद्द रॉकेट. मी तिच्यावर खार खाऊन होते, पण बाई निघाली मोकळी. धाकटीला मिठीच मारली.

"रडताना नाक ओढू नकोस, माइकमध्ये फार घाण येतं," तिने सांगितलं. "सुरुवातीला खाली बघायचं, 'आई' म्हणताना वर. मला पहिल्यांदा फार जड गेलं, कारण माझं खरं होतं ना. तुझं सोपं आहे."

"आणि आता?" मी मध्येच तोंड घातलं. "आता नाही ना घेत काही?"

"आता?" ती छान हसली. "आता कंपनीचे तीन डॉक्टर आहेत माझ्यामागे. मी कशाला काही बघते?"

धाकटीच्या हातात कागद दिला. ती वाचायला लागली. शाळेचं मैदान, हरण्याची भीती वगैरे झालं. पुढे एका ओळीवर ती थांबली. ती परत त्या ओळीच्या सुरुवातीला गेली आणि शाळेतलं पोर वाचतं तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "माझी मोठी बहीण औषधांच्या दुकानात नोकरीला होती. गोळी मला तिने दिली."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गोडबोल्या लगबगीने जवळ आला. "तुम्हाला सांगणारच होतो, ताई. गोळी आली कुठून, हा प्रश्न लोक विचारतात हो. सर आमच्याच पगारावर, त्यांचं नाव नाही घेता येत. तुम्ही बरोबर त्याच सुमारास दुकानात होतात. आणि प्रेमापोटी दिलीत! व्हिलन नाही करत तुम्हाला."

प्रेमापोटी दिलेल्या गोळीनेही फार्मसिस्टचं लायसन्स जातं. नोकरी जाते. गल्लीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि त्याच्या मागोमाग स्टँडवरची तिची पिशवी आली.

"चालेल," मी म्हटलं. "घे माझं नाव."

"वा!" गोडबोल्याने माझ्यापुढे हात जोडले. "याला म्हणतात बहीण."

धाकटी स्टुलावरून माझ्याकडे बघत होती. शर्यतीआधी रेषेवर उभी राहून बघते तशी, डोळा न हलवता. "ताई, तेव्हा मी खरंच मागितली असती, तर दिली असतीस?"

"वेड लागलंय का तुला?" मी ताडकन म्हणाले. "जीव गेला तरी नसती दिली!"

"हा! हा राग ठेवा, फिल्ममध्ये वापरू," गोडबोल्याने टाळी वाजवली.

धाकटीने कॉलरचा माइक काढला, वायर नीट गुंडाळली आणि कागदावर ठेवून दिली. "मला नाही जमणार, साहेब. संध्याकाळपर्यंत थांबायला नको. माझं नाही म्हणून कळवा."

गोडबोल्याचा आवाज तेवढाच मऊ राहिला, फक्त त्यातला 'बेटा' गेला. करार आजपासून संपला, सरांना आपण स्वतः फोन करू, चिन्ह असलेले कपडे यापुढे घालू नयेत, असं त्याने सांगितलं. रॉकेटला खरंच वाईट वाटलं. "वेडी आहेस," ती धाकटीला म्हणाली, "चार दिवस बोलतात, मग सगळे विसरतात." तिच्याबाबतीत ते खोटं नव्हतं.

बसथांब्यावर आम्ही दोघी उभ्या होतो. धाकटीने जर्सीवरचं चिन्ह दिसू नये म्हणून माझी ओढणी अंगावर घेतली होती. ती रडत नव्हती. मलाच रडू येत होतं, आणि ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी हे ठरवता येत नव्हतं. जीव गेला तरी नसती दिली, हे मी फार जोरात म्हटलं होतं. एवढ्या जोरात मी फक्त खोटं बोलते.

कारण गेल्या वर्षी निवड चाचणीत रॉकेटने तिला छातीभर अंतराने मागे टाकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानातल्या मागच्या फळीवरून एक पाकीट काढलं होतं. अशक्त म्हाताऱ्यांना स्नायू भरायला डॉक्टर लिहून देतात त्या गोळ्या. कुणी मागितल्या नव्हत्या. तीन दिवस ते पाकीट माझ्या पर्समध्ये होतं आणि तीन दिवस मी तिच्या तोंडाकडे बघत होते, की आता ही काही म्हणेल. चौथ्या दिवशी मी ते परत फळीवर ठेवलं.

हे सगळं मी तिला तिथे उभ्याउभ्या सांगितलं. शेवटी म्हटलं, "मागितली असतीस तर दिली असती मी. त्याच दिवशी."

"माहीत होतं मला," धाकटी म्हणाली. "सुटे पैसे घ्यायला पर्स उघडली होती तुझी, तेव्हा बघितलं. म्हणून तर काही बोलले नाही त्या तीन दिवसांत. पाय दुखतात एवढंसुद्धा नाही."