कंपनीचा माणूस

कमलम्माचा खटला एका शब्दावर येऊन ठेपला होता, आणि तो शब्द तिनंच गल्लीभर वाटला होता.

नवरा सिद्धलिंगप्पा गेल्यावर, मूलबाळ नसलेल्या या बाईनं घरामागचे दोन माग एकटीनं चालवले. टॉवेल तयार झाले की गठ्ठे हुबळीच्या व्यापाऱ्याकडं जायचे. ते न्यायला दर गुरुवारी ट्रान्स्पोर्ट कंपनीचा बुकिंग एजंट रामहरी यायचा. कंपनीची छापील बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, फाडून द्यायचा आणि मग निवांत चहाला बसायचा. अक्का, अक्का करत कधी नळाची तोटी बदलायचा, कधी बीपीच्या गोळ्या आणून द्यायचा. आठवड्यात तिच्याशी धड बोलणारा तो एकटाच. शेजारणीनं विचारलं की कमलम्मा ऐटीत सांगायची, "रामहरी व्हय? आपलाच मानूस की!"

आणि या आपल्या माणसानं श्रावणात तिचे चौदा गठ्ठे नेले, शिक्का मारून बिल्टी दिली आणि माल परस्पर विकून टाकला. ट्रकमध्ये एक चिंधीसुद्धा चढली नाही. कंपनीनं हात झटकले. आमच्याकडं माल आलाच नाही, रामहरीचं आणि तुमचं तुम्ही बघा. कंपन्यांना अंग काढून घ्यायला वेळ लागत नाही. इकडं सूतवाल्यानं सूत बंद केलं, माग थांबले. भरपाई मिळाली नाही तर ते भंगारात जाणार, हे उघड होतं.

तिची वकील इंद्रायणी फटकळ बाई. तिनं बजावलं, "कंपनीच्या कामात कंपनीच्या एजंटानं फसवलं, तर कंपनीला भरावं लागतं. पण घरचा माणूस म्हणून तुम्ही त्याच्या हाती माल दिला असं ठरलं, तर कंपनी सुटली. समजलं, मावशी?"

"समजलं की."

समजलं होतं, आणि 'आपलाच मानूस' हे गल्लीभर तिनंच सांगितलं होतं.

साक्षीच्या दिवशी रामहरी मागच्या बाकावर बसला होता. पार वाळला होता. कमलम्माला त्याचा राग यायला हवा होता. पण मनात आधी आलं, हा जेवून आला असेल का? मग तिला स्वतःचाच राग आला.

कंपनीच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "बाई, रामहरीला तुम्ही 'आपला माणूस' म्हणायचात ना?"

"दूधवाल्यालाबी म्हनते."

"पण हा चहाला बसायचा. गोळ्या आणायचा. ते काही कंपनीचं काम नव्हे."

रामहरी मान वर करून बघत होता. कमलम्मानं तिकडं पाहिलं नाही.

"त्यो माल न्यायला यायचा," ती म्हणाली. "माल नसता तर आला नसता. माजा कुनी न्हाय त्यो. कंपनीचा मानूस हाय."

केस वाचवायची म्हणून ती बोलली, आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं, की हे खरंच आहे. चौदा गठ्ठे गेले तेव्हासुद्धा तिला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

निकाल तिच्या बाजूनं लागला. भरपाई कंपनीनंच द्यायची. इंद्रायणीचा फोन आला, "मावशी, जिंकलो! आता घरच्यांना पेढे वाटा."

कमलम्मानं घाईघाईनं चप्पल घातली आणि ती उंबऱ्यापर्यंत गेली. ही बातमी सांगावी असा एकच माणूस तिच्या डोळ्यांपुढं आला, दर गुरुवारी चहाला बसणारा. ती तशीच मागं फिरली आणि बंद मागाजवळ जाऊन बसली.