बिनआवाजाचा निकाल

“क,” मी म्हणालो आणि भांडारप्रमुखांनी डब्यावर लाल खडूने फुली मारली.

“मास्तर, विनोदी सिनेमे तुमच्या हातून फारच नापास होतात हो. या आठवड्यातला हा सहावा.”

“मग चांगले काढायचे होते त्यांनी.”

“अहो, पण निदान एकदा ऐकून तरी बघा. विनोदात बोलण्यालाही काही किंमत असते.”

“हसायला आवाज लागत असेल तर तो सिनेमा कसला, साहेब? रेडिओच तो.”

डबे उचलायला आलेले दोघे हमाल खो खो हसले. हे वाक्य मी बरेच दिवस वापरत होतो आणि ते दर वेळी चालायचं.

मी शाळेतला मास्तर नाही. जुन्या सिनेमांच्या भांडारात एकतीस वर्षं रिळं तपासतो. रीळ हाताने फिरवायचं, फीत भिंगाखालून सरकवायची, तुटलेली जोडायची, बुरशी पुसायची. यंदा थंड खोली बांधून झाली. तिच्यात चारशे सिनेमे मावणार होते आणि आमच्याकडे होते अकराशे. कुठले ठेवायचे हे ठरवायला समिती नेमली. समितीतले विद्वान तीनदा आले, मूकपट आणि बोलपट एकाच मापाने मोजावेत की नाही यावरून तावातावाने भांडले, बिस्किटं खाऊन गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. काम माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सिनेमांची धूळ पुसली होती. आता माझं मत कुणीतरी विचारत होतं.

अ म्हणजे थंड खोलीत. ब म्हणजे जागा उरली तर. क म्हणजे कारखान्यात. तिथे फीत रसायनात धुतात, चित्र निघून जातं आणि नुसती पारदर्शक पट्टी उरते.

भिंगाखाली आवाज नसतो. मी सगळे सिनेमे मुकेच पाहिले आणि त्याचा मला अभिमान होता. बक्षिसांनी लदलेल्या एका कौटुंबिक सिनेमाला मी ब दिला, कारण त्यातली माणसं रांगेत उभी राहून फक्त तोंडं हलवत होती. एका राजाराणीच्या चित्रपटातला राजवाडा पुठ्ठ्याचा होता, खांब चक्क डुलत होते. पण राणी दिवा विझवते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून उजेड असा काही सरकतो की मी डोळे मिटून अ दिला. एका भुताच्या सिनेमात भूत शेवटपर्यंत दिसतच नाही. नुसतं दार उघडतं. त्यालाही अ. विनोदी सिनेमे मात्र धडाधड पडले. मुके केले की त्यांत माणसं नुसती धावतात, घसरतात आणि एकमेकांच्या अंगावर पाणी ओततात.

क दिलेल्या प्रत्येक सिनेमाचा वीतभर तुकडा कापून मी नोंदवहीत चिकटवत असे. ही पद्धत माझीच. हा सिनेमा कधीतरी होता, याला पुरावा नको का? तुकडा मी त्यातल्या त्यात बऱ्या जागेवरून घ्यायचो.

घरी गेलो की बायको पाटी घेऊन बसायची. बारा वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तरुणपणी ती सिनेमांत दुसऱ्या बायकांना आवाज द्यायची. कुठे मैत्रिणीचा, कुठे गर्दीतल्या बाईचा, कुठे नुसतं रडणं. पडद्यावर नाव कधी आलं नाही. तिचा आवाज आमच्याकडे कशातच भरून ठेवलेला नाही. आवाज घरात होता तेव्हा तो जपून ठेवावा, हे सुचलंच नाही कुणाला.

एका सिनेमाबद्दल ती नेहमी सांगायची. ‘जिना’ त्याचं नाव. त्यातल्या नटीला हसता येईना, म्हणून दिवसभर हिला हसवून ते हसू भरून घेतलं होतं. “पोट दुखेपर्यंत हसले हो, फुकट गेलं सगळं,” म्हणायची. निर्मात्याचं आणि दिग्दर्शकाचं बिनसलं आणि सिनेमा वर्षानुवर्षं डब्यात पडला. हसू भरताना दाखवलेला तेवढा तुकडा सोडला, तर तिने तो पाहिलाच नाही. ऑपरेशननंतर तिने पाटीवर लिहिलं होतं, ‘जिना सापडला तर मला ऐकवा.’ आमच्या भांडाराच्या सगळ्या वह्या मी दोनदा चाळल्या होत्या. ‘जिना’ नव्हताच.

रोज मी तिला पास झालेल्यांची गोष्ट सांगत असे. नापासांचं नाव घरी काढायचं नाही, असा माझा नियम होता. पण त्या शुक्रवारी ती फार गप्प वाटली. आता तिला गप्प काय म्हणायचं, पण पाटीही तिने हातात घेतली नव्हती. तिला हसवावं म्हणून मी बुधवारचा तो सहावा नापास सांगायला घेतला.

“नाव ऐक. ‘घोटाळा तिसऱ्या मजल्याचा’. हिरो घंगाळासकट जिन्यावरून गडगडतो. आणि वर एक बाई हातात पोपटाचा पिंजरा घेऊन नुसती हसते. मिनिटभर! तोंडाचा एवढा आ केलाय...”

तिने पाटी ओढली. ‘पिंजऱ्याचं दार मोडकं?’

“हो. पोपट उडून जातो. तुला काय माहीत?”

तिने लिहिलं, ‘जिना. नाव बदललं असेल. ते हसू माझं.’

मी पाटी जवळ ओढून पुन्हा वाचली.

“उद्या आणतो,” मी म्हणालो. “साहेबांना सांगून मोठ्या मशिनवर लावू. तू यायचंस.”

तिने कपाटातली ठेवणीतली साडी काढून खुर्चीवर ठेवली. गाडी दर गुरुवारी कारखान्यात जाते, हे मला माहीत होतं. पण मी ते तिला सांगितलं नाही.

सकाळी भांडारप्रमुखांनी माझ्यासमोरच फोन लावला. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाठ केली, तेव्हाच मी समजलो.

“काल दुपारीच धुतली, मास्तर. सातही रिळं.” मग म्हणाले, “दुसरी प्रत असेल कुठेतरी.”

“नाही, साहेब. आपली शेवटची होती. मीच तसं लिहिलंय.”

मी वही उघडली. वीतभर तुकडा होता. बारा चित्रं, बाराही चित्रांत ती पिंजरेवाली हसणारी बाई. अख्ख्या सिनेमात बरी जागा म्हणून मी नेमकी तीच निवडली होती. पट्टीच्या कडेला आवाजाची नागमोडी रेघ होती. आयुष्यभर ती रेघ मी फक्त ओरखडे आहेत का एवढ्यासाठी पाहिली. बारा चित्रं म्हणजे अर्धा सेकंद. कोऱ्या फितीला जोडून मशिनवर लावली असती, तर एखादी ठेच लागल्यासारखा आवाज आला असता. हसू आलं नसतं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी भांडारातलं काही घरी नेलं.

ती साडी नेसून, केस विंचरून तयार बसली होती. मी तिच्या हातात तुकडा ठेवला आणि सगळं सांगितलं. गुरुवारचं, रेडिओचं, हमाल हसले तेही. काही ठेवलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“त्या हमालांना मी हसवलं गं,” मी म्हणालो, “आणि तुझं हसू धुऊन टाकलं.”

तिने पाटी घेतली. ‘सिनेमा खरंच वाईट होता?’

तिच्यासमोर तरी खोटं बोलावं, असं फार वाटलं.

“वाईटच होता,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग खिडकीपाशी जाऊन तुकडा उजेडात धरला आणि कडेच्या रेघेवरून नखाने हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एकदा, दोनदा. तिचे खांदे हलायला लागले.

पाठमोरी होती. मी होतो तिथेच उभा राहिलो. ती हसतेय की रडतेय, ते मला आवाजाशिवाय कळेना.